गाडीला ओरखडा, मनगटात प्लेट: अपघात भरपाईचा दावा नेमका कुठे अडतो

“बंपरला साधा पोचासुद्धा नाही, मग बाईंचं मनगट मोडलं कसं?” विमा कंपनीच्या वकिलांचा हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता उत्तर त्यांच्याआधी माझ्याच तोंडात येतं. गाडी लोखंडाची असते, माणूस नसतो. पण हे उत्तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालत नाही. तिथे कागद लागतो, आणि तो बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी बिघडलेला असतो.

आमच्याकडे आलेल्या, शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचं उदाहरण घ्या. रिव्हर्स घेणाऱ्या कारचा स्कूटरला धक्का लागला, ताई हातावर पडल्या. कारवाल्याने माफी मागितली, दोन हजार रुपये दिले, नंबर दिला. संध्याकाळी हात सुजला. दवाखान्यात काउंटरवर कुणीतरी म्हणालं, “अपघात सांगितलात तर पोलीस केस होईल, उगाच वेळ जाईल.” भाच्याने सांगून टाकलं, घरात पाय घसरला. केस पेपरवर तेच लिहिलं गेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं, प्लेट टाकावी लागली. तीन महिन्यांनी शिलाई मशीनवर कापड सरकवता येईना, तेव्हा ताई दाव्याचं विचारायला आल्या. पिशवीतला पहिलाच कागद त्यांच्या विरोधात बोलत होता.

म्हणून सगळ्यात आधी हे. धक्का कितीही किरकोळ वाटो, डॉक्टरांना खरं कारण सांगा आणि केस पेपरवर ते कसं लिहिलंय हे तिथेच वाचून घ्या. ‘वाहनाची धडक’ किंवा ‘आरटीए’ (रोड ट्रॅफिक ॲक्सिडेंट) असं काहीतरी दिसलं पाहिजे. एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवायला सांगा. एमएलसी म्हणजे तुमच्यावर केस नव्हे. दवाखान्याने पोलिसांना दिलेली खबर, एवढंच. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर खाडाखोड करून घेऊ नका. दुरुस्तीचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. मान किंवा कंबर दुखायला दोन दिवसांनी लागली, तर त्याच दिवशी जाऊन दाखवा. ‘बघू, जाईल दुखणं’ म्हणत काढलेले तीन आठवडे उलटतपासणीत फार महागात पडतात.

पोलिसांत उशिरा गेलात म्हणून दावा संपत नाही. निव्वळ एफआयआरला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात सांगितलं आहे. उशिराचं पटेल असं कारण मात्र द्यावं लागतं. शिवाय कुणी जखमी झालं असेल तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवण्याची जबाबदारी कायद्याने चालकावरच टाकली आहे. त्यामुळे ‘जागेवर मिटलं’ असं कुणी लिहून मागितलं तर सही करू नका. मनगट मोडलंय की मुरगळलंय, हे रस्त्यावर कुणालाच कळत नाही.

आता मुदत. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो. १९९४ च्या दुरुस्तीने मुदत काढून टाकली होती, म्हणून “क्लेमला मुदत नसते” असं सांगणारे जुने जाणकार अजून भेटतात. ते तेव्हा बरोबर होते. १ एप्रिल २०२२ पासून मुदत पुन्हा लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर घरी बसून राहू नका.

दुसरा घोळ असा की कायमचं अपंगत्व किती, हे उपचार संपून जखम स्थिरावल्यावरच ठरवतात. त्याला सहज सहा महिने लागतात. लोक प्रमाणपत्राची वाट बघतात आणि मुदत हातची जाते. प्रमाणपत्र अर्जासोबत असलंच पाहिजे असं नाही. आधी दावा दाखल करा, प्रमाणपत्र पुराव्याच्या वेळी द्या. “सगळे कागद जमले की या” असं कुणी खिडकीवर सांगितलं, तरी सहा महिने त्यांच्यासाठी थांबत नाहीत.

पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला प्रथम अपघात अहवाल आणि पुढे ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा, असा नियम आहे. तो अहवाल दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. कागदावर व्यवस्था झकास आहे. पण किरकोळ म्हणून सोडून दिलेल्या अपघातात हा अहवाल मुळात निघालेलाच नसतो, तेव्हा स्वतःचा अर्ज स्वतः करा.

अर्ज कुठे करायचा याला पर्याय आहेत: अपघात झाला तिथे, तुम्ही राहता किंवा कामधंदा करता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे. चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही सामनेवाले करा. पॉलिसीची माहिती पोलीस ठाणं किंवा आरटीओकडून मागता येते. जोडायचे कागद नेहमीचेच: एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, बिलं, ओळखपत्र, बँक पासबुक. महिला, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. हे फारच कमी लोकांना ठाऊक असतं.

बिलांबद्दल एक सूचना. कॅशलेसमध्ये मूळ बिलं मेडिक्लेमच्या विमा कंपनीकडे जातात आणि नंतर मिळता मिळत नाहीत. डिस्चार्जच्या दिवशीच शिक्का मारलेल्या प्रती मागून घ्या. मेडिक्लेममधून पैसे मिळाले म्हणून ती रक्कम भरपाईतून वजा करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये म्हटलं आहे. तेव्हा ‘मेडिक्लेम मिळालाय, आता काय मागायचं’ असं समजून दावा सोडू नका.

‘गंभीर’ या शब्दाने बरेच जण घाबरतात. हाड मोडलं किंवा सांधा निखळला की कायद्याच्या लेखी ती गंभीर दुखापतच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये तशी व्याख्या आहे. पंधरा दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा रोजचे व्यवहार करता आले नाहीत, तरी ती त्यात बसते. गंभीर दुखापतीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, चूक कुणाची हे सिद्ध न करता, अडीच लाख रुपये मिळतात. झटपट मिळतात म्हणून लोक हो म्हणतात. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. नुसतं हाड मोडून पूर्ण बरं झालं असेल तर अडीच लाख चांगलेच. हात कायमचा अधू होणार असेल तर सही करण्याआधी हिशेब करा.

तो हिशेब असा. समजा वय ३८, महिन्याची कमाई १५,००० आणि कमाईच्या क्षमतेचं नुकसान २० टक्के. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १५. वर्षाचे १,८०,००० गुणिले १५ म्हणजे २७ लाख, त्याचे २० टक्के ५,४०,०००. उपचाराचा खर्च, वेदना, बुडालेली मजुरी, भविष्यातली कमाईवाढ हे सगळं त्यावर वेगळं.

यातले ‘२० टक्के’ हीच खरी मेख. प्रमाणपत्रावर हाताचं अपंगत्व ३० टक्के असेल तर कमाईचं नुकसानही ३० टक्के, असं होत नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे फोड करून सांगितलं आहे: डावा हात गमावलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास शंभर टक्के बुडू शकते, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणून डॉक्टरांकडून नुसता आकडा आणू नका. मनगट किती अंश वळतं, पकड किती उरली, कुठलं काम जमत नाही, हे त्यांना लिहायला सांगा. आणि तुम्ही ते काम करत होता याचा पुरावा जोडा. ताईंच्या बाबतीत गिऱ्हाइकांच्या मापांची वही कामी आली.

४० टक्क्यांच्या खाली अपंगत्व असलं तर दावा होत नाही, हाही गैरसमज आहे. ती अट सरकारी सवलतींसाठी आहे, इथे तिचा संबंध नाही.

उपचार न केलेल्या डॉक्टरकडून ‘करून मिळणारं’ प्रमाणपत्र घेऊ नका. राजकुमारच्याच निकालात अशा तयार प्रमाणपत्रांबद्दल न्यायाधिकरणांना सावध केलेलं आहे. शक्यतो ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांनाच साक्षीला बोलवा. डॉक्टर आले नाहीत तर नुसत्या प्रमाणपत्रावर फारसं वजन पडत नाही.

मान-कंबरेच्या दाव्यात एमआरआय अहवालात ‘झीज’ किंवा ‘डिजनरेटिव्ह’ हा शब्द सापडला की समोरचे वकील खूश. चाळिशीनंतर तो पुष्कळांच्या अहवालात सापडतो. आधी दुखत नव्हतं आणि धक्क्यानंतर सुरू झालं, हे दाखवायचं तर तारखा बोलायला हव्यात: अपघाताची, पहिल्या तपासणीची, फिजिओथेरपीची, कामावरच्या रजेची. आधीचं दुखणं लपवू नका, जुना केस पेपर निघतोच. ते होतं आणि धक्क्याने वाढलं, असं डॉक्टरांनी लिहिलं तर ते टिकतं.

ताईंचा ‘घरात घसरल्या’वाला कागद शेवटी सुटला तो कारवाल्याच्याच व्हॉट्सॲप मेसेजमुळे. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं होतं, “ताई, हात कसा आहे? मी मागे बघितलंच नाही, सॉरी.” हे दावे फौजदारी खटल्यासारखे संशयातीत सिद्ध करावे लागत नाहीत, काय घडलं असण्याचा संभव जास्त, हे बघितलं जातं. पण मेसेजची छापील प्रत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं, आणि मूळ फोन दाखवायची तयारी ठेवावी लागते. ताईंचा भाचा जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्यायला निघाला होता. दुकानाच्या पायरीवरून परत बोलावला.