सार्वजनिक निवृत्तिवेतनाची वित्तव्यवस्था

म्हातारपणी कमाई थांबलेल्या नागरिकांना आयुष्यभर ठरावीक रक्कम देण्यासाठी सरकार पैसा कोठून आणि कोणाकडून उभा करते, त्याची व्यवस्था. राष्ट्रव्यापी सक्तीचा वृद्धापकाळ विमा प्रथम जर्मनीत, चान्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्कच्या काळात १८८९ मध्ये आला. पेन्शनचे वय होते ७०. तितके जगणारे तेव्हा थोडेच. पुढे आयुर्मान वाढले, जन्मदर घटला आणि व्यवस्थेचा पायाच हलला.

बहुतेक देशांत आजच्या कामगारांचे अंशदान (पेन्शनसाठी पगारातून होणारी कपात) आजच्याच पेन्शनरांना वाटले जाते. एका पेन्शनरामागे चार कमावते असतील आणि पेन्शन सरासरी पगाराच्या निम्मी असेल, तर प्रत्येकाच्या पगारातून १२.५ टक्के कापावे लागतात. कमावते दोनच उरले, की तेवढ्याच पेन्शनसाठी २५ टक्के. मग कपात वाढवा, पेन्शन घटवा, निवृत्तीचे वय पुढे न्या किंवा करांतून भर घाला. जपानने २००४ मध्ये अंशदानालाच १८.३ टक्क्यांची मर्यादा घातली; म्हणजे उरलेला भार पेन्शनरांवर गेला.

प्रत्येकाचे स्वतंत्र खाते काढून पैसा गुंतवला की प्रश्न मिटतो, हा समज अर्धाच खरा आहे. वृद्धांना लागणारे धान्य, औषधे, शुश्रूषा हे सगळे त्या त्या वर्षी काम करणाऱ्यांकडूनच यायचे असते. शेअर काय किंवा अंशदान काय, दोन्ही त्या उत्पन्नावरचे हक्क. शिवाय बदलाच्या काळातल्या पिढीला आईवडिलांची पेन्शन आणि स्वतःची बचत असा दुहेरी भार उचलावा लागतो. चिलीने १९८१ मध्ये पगाराच्या १० टक्के कपातीची वैयक्तिक खाती आणली. पण ज्यांची नोकरी कायमची नव्हती, ज्या स्त्रियांनी मुलांसाठी काम सोडले, त्यांच्या खात्यांत फारसे साठलेच नाही. अखेर २००८ मध्ये तिजोरीतून आधार-पेन्शन सुरू करावी लागली.

सर्वांत विचारपूर्वक उत्तर स्वीडनचे म्हणावे लागेल. तेथे १८.५ टक्के अंशदानापैकी १६ टक्के कागदोपत्री खात्यात नोंदले जातात (रोख रक्कम तत्कालीन पेन्शनरांकडे जाते) आणि २.५ टक्के खरोखर गुंतवले जातात. निवृत्तीच्या वेळी खात्यातली नोंद त्या पिढीच्या उरलेल्या अपेक्षित आयुष्याने भागून पेन्शन ठरते. देणी मालमत्तेपेक्षा जड झाली, तर पेन्शनची वाढ आपोआप मंदावते. आर्थिक संकटानंतर २०१० मध्ये हा नियम प्रथमच लागू झाला, पेन्शन प्रत्यक्ष घटली, तरी व्यवस्था टिकली. पाच पक्षांनी १९९४ मध्येच तिच्या तत्त्वांवर एकमत केले होते. अल्प उत्पन्नवाल्यांसाठी करांतून किमान पेन्शनही आहे. तिच्याशिवाय हा नियम क्रूर ठरला असता.

निवृत्तीचे वय वाढवणे तिजोरीला सर्वांत सोयीचे असते, कारण कमावते वाढतात आणि पेन्शनर घटतात. पण बांधकामावर राबणाऱ्याचे शरीर साठीआधीच थकते, आणि गरीब माणूस सरासरीने कमी जगतो. सरसकट वाढ त्याच्यावर अन्याय करते. नेदरलँड्समध्ये आयुर्मान एक वर्षाने वाढले की पेन्शनचे वयही पूर्ण वर्षाने वाढणार होते. २०१९ च्या करारात ते आठ महिन्यांवर आणले गेले आणि कष्टाची कामे करणाऱ्यांना लवकर थांबण्याची वाट मोकळी झाली.