जुन्या टेलिंग्जमधे सोनं राहिलंच कसं?

टेलिंग्जमधून, म्हणजे खडक दळून सोनं काढल्यावर उरलेल्या चुऱ्याच्या ढिगातून, ग्रॅव्हिटीने सोनं काढायचं म्हटलं की सगळे आधी मशीन कुठलं घ्यायचं ते विचारतात, पण ढीग कुठल्या काळातला हे आधी बघायला हवं, कारण दरवेळी सोनं हातातून सुटलं ते वेगळ्या कारणाने.

तत्त्व सोपं आहे. सोन्याची घनता 19.3, क्वार्ट्झची 2.65, म्हणून पाण्यात हलवलं की वाळू वाहून जाते नि सोनं तळाला बसतं. 1848 ला कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा पॅन (वाळू धुवायची उथळ थाळी) आणि लाकडी स्लुइसवरच (पाणी वाहणाऱ्या पन्हळीवर) भागायचं. नदीतलं सोपं सोनं आटलं तसं खडक फोडायला स्टॅम्प मिल वाढल्या. लोखंडी मुसळं वरून आपटायची, झालेला चुरा पाण्याबरोबर पारा चोपडलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून सोडायचा, सोनं पाऱ्याला चिकटायचं. पण चुरा जाडसर राहिला तर दाण्याच्या आतलं सोनं पाऱ्याला लागणार कसं? ज्या कणावर गंज चढलाय तोही घसरून पुढे, आणि वर पाऱ्याचेच बारीक बारीक थेंब होऊन ते सोन्यासकट ढिगात जायचे. म्हणून असल्या ढिगातलं कॉन्सन्ट्रेट (धुऊन उरलेला जड गाळ) थेट तापवू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते.

मग 1887 मधे ग्लासगोत मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधूंनी सायनाइडची पद्धत पेटंट केली. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडला खाणी खोल गेल्यावर पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) लागलं होतं नि पारा चालेना, तिथे 1890 पासून तिने धंदा तारला. सायनाइड बारीक सोनं विरघळवतं, त्यामुळे त्यानंतरच्या ढिगात उरतं ते बहुतेक पायराइटमधे अडकलेलं, आणि त्यात ग्रॅव्हिटीच्या हाती फारसं काही लागत नाही. स्टॅम्प मिलच्या काळातला ढीग मात्र परत दळला तर मोकळं सोनं देऊ शकतो.

तरी कित्येक ढीग तसेच पडून होते, कारण भावच नव्हता. औंसाला 20.67 डॉलर, 1934 ला 35, आणि 1971 मधे अमेरिकेने डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली, तिथून जानेवारी 1980 मधे 850 च्या आसपास. साधारण त्याच सुमाराला कॅनडात नेल्सनचं सेंट्रिफ्यूज आलं. 1890 च्या दशकातलं विल्फ्ली टेबल (जड-हलके कण वेगळे करणारं हलतं टेबल) आजही चांगलंच आहे, पण अगदी बारीक सोनं त्यावरून पाण्याबरोबर निसटतं, तर हा फिरणारा बाऊल गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 60 पट जोर लावून तेच कण धरून ठेवतो. दाण्यात अडकलेलं मात्र त्यालाही सुटत नाही, म्हणून पैसे घालायच्या आधी नमुना चाळून प्रत्येक साइजमधलं सोनं वेगळं तपासून घ्या.