राज्य अर्थसंकल्पातील तूट आणि कम्युनिटी कॉलेजे (कॅलिफोर्निया)

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे प्रामुख्याने राज्य सरकारचे अनुदान आणि स्थानिक मालमत्ता कर यांवर चालतात. राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला की या कॉलेजांत फी वाढते, वर्ग कमी होतात, आणि प्रवेश मिळूनही बसायला जागा मिळत नाही. प्रस्तुत नोंद कॅलिफोर्नियापुरती आहे. ११६ कॉलेजे आणि ७३ कॉलेज-जिल्हे (एक किंवा अधिक कॉलेजे चालवणारी स्थानिक मंडळे) असलेली तिथली व्यवस्था देशात सर्वांत मोठी आहे आणि तुटीचे फटकेही तिने वारंवार खाल्ले आहेत.

या संस्थांचे जुने नाव ‘ज्युनियर कॉलेज’. त्यावरून आपल्याकडची अकरावी-बारावी डोळ्यांसमोर येते, पण इथे शिकवली जातात ती शाळेनंतरची पहिली दोन वर्षे. साठ युनिट (श्रेयांक) पूर्ण करून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येते, किंवा नर्सिंग, वेल्डिंग, मोटारदुरुस्ती असे काही शिकून थेट नोकरी धरता येते. क्युपर्टिनोचे डी अँझा किंवा फ्रीमाँटचे ओलोनी ही नावे सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी घरांनाही परकी नाहीत.

१९६० च्या उच्च शिक्षण आराखड्याने राज्यात तीन पायऱ्या आखल्या. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांना राज्य विद्यापीठे, आणि शिकून ज्याचा फायदा होईल अशा कुणालाही कम्युनिटी कॉलेज. गुणांची अट नाही आणि फीही नाही, असे हे उघडे दार होते. पैसा बव्हंशी त्या त्या भागातल्या मालमत्ता करातून येई. १९७८ साली मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ हा थेट मतदानाला ठेवलेला प्रस्ताव मंजूर करून हा कर मूल्यांकनाच्या एक टक्क्यावर बांधून टाकला आणि कॉलेजांची दोरी राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, गेली. १९८४ मध्ये पहिल्यांदा फी लागली, पूर्णवेळ विद्यार्थ्याला सत्राला ५० डॉलर. १९८८ च्या ‘प्रपोझिशन ९८’ ने शाळा आणि कम्युनिटी कॉलेजे यांच्यासाठी मिळून किमान निधीची हमी दिली. त्यात कॉलेजांचा वाटा साधारण अकरा टक्के धरला जातो. मात्र ही हमी राज्याच्या महसुलाशी बांधलेली असल्याने महसूल पडला की हमीही खाली येते.

आणि महसूल पडतो तोही धाडकन. राज्याची भिस्त आयकरावर, आयकराची भिस्त श्रीमंतांच्या शेअर बाजारातल्या नफ्यावर. बाजार कोसळला की नोकऱ्या जातात, नोकरी गेलेला माणूस नवे काही शिकायला कम्युनिटी कॉलेजच्या दारात येतो, आणि नेमक्या त्याच वर्षी कॉलेजचे अनुदान कापलेले असते.

२००८ नंतरच्या मंदीत हे सर्वांत ठळकपणे दिसले. २००७-०८ ते २०११-१२ या काळात राज्याने कॉलेजांचे सुमारे ८० कोटी ९० लाख डॉलर कापले. फी २००९ मध्ये युनिटला २० वरून २६ डॉलर झाली, २०११ मध्ये ३६ आणि २०१२ च्या उन्हाळ्यात ४६. शेवटची वाढ तर अर्थसंकल्पातच अटीसारखी लिहून ठेवलेली होती : महसुलाचा अंदाज चुकला तर कपात आणि फीवाढ आपोआप लागू. अंदाज चुकला, आणि डिसेंबर २०११ मध्ये, आर्थिक वर्ष निम्मे सरल्यावर, कात्री चालली.

फीवाढीबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. विद्यार्थी जास्त भरतो म्हणजे कॉलेजला जास्त मिळते, असे नसते. फीचे उत्पन्न कॉलेजच्या ठरलेल्या निधीतच धरले जात असल्याने वाढीव फी राज्याने पाडलेले भगदाड बुजवण्यात जाते. शिवाय अल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना फी माफ असते. म्हणूनच वर्तमानपत्रांत गाजली फीवाढ, पण गरीब विद्यार्थ्याचे खरे नुकसान केले ते रद्द झालेल्या वर्गांनी.

त्या चार वर्षांत वर्गांच्या तुकड्या सुमारे ४ लाख २० हजारांवरून ३ लाख ३४ हजारांवर आल्या. उन्हाळी सत्रांना मोठी कात्री लागली. नोंदणीत आधीपासून शिकणाऱ्यांना पहिला क्रम असे, त्यामुळे शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलांची पाळी येईपर्यंत इंग्रजी आणि गणिताचे वर्ग भरून गेलेले असत. मग सत्राच्या पहिल्या दिवशी भिंतीला टेकून उभे राहायचे आणि कुणी गळालाच तर प्राध्यापकांकडे ‘अ‍ॅड कोड’ (वर्गात नाव घालण्यासाठीचा क्रमांक) मागायचा. याला तिथली मुले ‘क्लास क्रॅश करणे’ म्हणतात. एक गणित हुकले की त्यावरचे पुढचे हुकते, आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन-चार वर्षांवर जातो. केंद्र सरकारची पूर्ण पेल शिष्यवृत्ती हवी तर सत्राला बारा युनिट लागतात. वर्गच न मिळाल्याने युनिट कमी पडले की शिष्यवृत्तीही त्या प्रमाणात घटते. वरच्या पायरीवरून वेगळाच रेटा होता. राज्य विद्यापीठांनीही प्रवेश आवळले, २०१० च्या वसंत सत्राचे तर बंदच ठेवले. तिथे जागा न मिळालेली, तयारीची मुले खाली कम्युनिटी कॉलेजात आली, आणि ज्यांना याखेरीज दुसरे दार नव्हते ती मागे ढकलली गेली. २००८-०९ मधील सुमारे २९ लाख विद्यार्थिसंख्या २०११-१२ पर्यंत २४ लाखांच्या आसपास आली. मंदीत, मागणी वाढलेली असताना, झालेली ही घट आहे.

शिक्षकांत पहिली कुऱ्हाड अर्धवेळ प्राध्यापकांवर पडली. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचे हे सख्खे भाईबंद. एका कॉलेजात सकाळी, दुसऱ्यात दुपारी शिकवत गाडीतच आयुष्य काढतात म्हणून त्यांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. तुकडी रद्द झाली की त्यांना काढावे लागत नाही, पुढच्या सत्राला बोलावले नाही की झाले.

कपातीखेरीज सॅक्रामेंटोने आणखी एक युक्ती वापरली, देणे पुढच्या आर्थिक वर्षात ढकलण्याची. कागदावर अनुदान मंजूर, पण हातात पैसे नाहीत. २०११-१२ पर्यंत अशी थकबाकी ९६ कोटी डॉलरवर गेली. कॉलेजांनी गंगाजळी मोडली, अल्पमुदतीची कर्जे काढली आणि व्याज स्वतः भरले. मालमत्ता कराचा अंदाज चुकला तर शाळांची तूट राज्य आपोआप भरून देते. कम्युनिटी कॉलेजांना तशी हमी नाही. हा सावत्रपणा फारसा चर्चेत येत नाही.

सँटा मोनिका कॉलेजने २०१२ मध्ये स्वतःची वाट काढून पाहिली. गर्दीच्या विषयांचे जादा वर्ग युनिटला सुमारे १८० डॉलर या दराने चालवायचे, म्हणजे ज्याच्याकडे पैसे त्याला जागा. ३ एप्रिलला विश्वस्त मंडळाच्या सभेत विद्यार्थी घुसू लागले तेव्हा कॉलेजच्या पोलिसाने मिरपूड फवारली. राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचे कुलपती जॅक स्कॉट यांनी योजना थांबवायला सांगितले आणि ती बारगळली. हिशेबाने पाहिले तर कॉलेजचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता (वर्ग नसण्यापेक्षा महाग वर्ग बरा), पण उघड्या दाराला तिकीटखिडकी लावणे लोकांना पटले नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या ‘प्रपोझिशन ३०’ ला मतदारांनी कौल दिला. विक्रीकर पाव टक्क्याने आणि अतिश्रीमंतांचा आयकर वाढला, त्यातून वर्ग हळूहळू परतले. पुढे २०१६ साली या आयकराची मुदत २०३० पर्यंत वाढवली गेली. करोनाच्या वर्षी थकबाकीची जुनी युक्ती पुन्हा बाहेर आली, पण महसूल अनपेक्षित वाढल्याने वर्षभरात फिटली. २०२४ च्या अर्थसंकल्पात तूट भरून काढताना शिक्षणाची राखीव गंगाजळी रिकामी केली. फी मात्र २०१२ पासून ४६ डॉलरवरच आहे.

इतर राज्यांत याहून वाईट घडले आहे. इलिनॉयमध्ये गव्हर्नर आणि विधिमंडळ यांच्या भांडणात २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षे पूर्ण अर्थसंकल्पच झाला नाही. ॲरिझोनाने २०१५ मध्ये मॅरिकोपा आणि पिमा या आपल्या दोन सर्वांत मोठ्या कॉलेज-जिल्ह्यांचे राज्य अनुदान शून्यावर आणले.