ढ, हिशेब आणि गणित

सांगलीच्या खणभागात माझी आत्या राहते. वय 67. दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्या सोप्यात भिशीच्या बायका जमतात. 20 जणी, प्रत्येकीचे 2,500, म्हणजे 50,000 जमतात. भिशी बोलीची आहे. जिला नड असेल ती बोली लावते. 3,000 सोडायला तयार झाली तर 47,000 घेऊन जाते आणि सोडलेले पैसे सगळ्यांत वाटले जातात. बोली तुटली की आत्या वही न उघडता सांगते, “या खेपेला तेवीसशे पन्नासच आणा गं.”

हीच आत्या नातीने गृहपाठाची वही पुढे केली की हात झटकते. “मला कुठलं गणित येतंय बाळा, मी ढ. आजोबांना विचार.” मामा, म्हणजे आत्याचे यजमान, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, त्यामुळे घरात गणित हे त्यांचं खातं. मी एकदा भिशीचा दाखला दिला, तर ती हसायला लागली. “ते गणित न्हाई रं, हिशेब हाय.”

मंद पोराला ‘ढ’ का म्हणतात याचं एक मजेशीर कारण सांगितलं जातं. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, ढ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. दोन हजारांहून जास्त वर्षांत काडीची प्रगती नाही! व्युत्पत्ती खरी असो वा नसो, आत्याच्या बाबतीत ती चपखल बसते. सहावीत असताना फळ्यासमोर उभं करून गुरुजींनी तिला भर वर्गात ‘ढ’ म्हटलं होतं. त्या गोष्टीला पंचावन्न वर्षं उलटली. मधल्या काळात तिने घर बांधलं, दोन पोरींची लग्नं केली, शेकड्याने भिश्या चालवल्या. ढ तसाच.

एवढा पुरावा समोर असताना समजूत हलत कशी नाही? 1977 साली हेझल मार्कस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी याचा एक धागा पकडला. स्वावलंबी, परावलंबी अशा अर्थाची विशेषणं एकेक करून दाखवायची आणि ‘हे मला लागू’ की ‘नाही’ याचं बटण दाबायला सांगायचं, असा साधा प्रयोग. ज्यांची स्वतःबद्दलची कल्पना पक्की होती, त्यांनी तिच्याशी जुळणाऱ्या शब्दांवर झटकन बटण दाबलं. तसे प्रसंगही त्यांना भराभर आठवले. उलट बाजूची माहिती दिली तर मात्र ती त्यांना पटेना. म्हणजे स्वतःविषयीची समजूत हा डोक्यातला नुसता एक विचार नव्हे. येणारा प्रत्येक अनुभव कुठल्या खणात टाकायचा, हे तीच ठरवते. आत्याकडे दोन खण आहेत. जमलं तो हिशेब, न जमलं ते गणित. अशा मांडणीत ‘मला गणित येतं’ हे कधी सिद्ध होणार?

फिलाडेल्फियातले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांना 1960च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांमध्ये हेच दिसलं. बेक मुळात फ्रॉइडच्या परंपरेत तयार झालेले. पण रुग्णांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं की या माणसांच्या मनात दिवसभर छोटी छोटी वाक्यं आपोआप उमटत असतात. ‘तो माझ्याकडे बघून हसला नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं.’ त्या वाक्यांच्या मुळाशी गेलं की एखादी ठाम धारणा सापडते: ‘मी नालायक आहे’, ‘मी कुणाला नकोच आहे’. आणि या दोहोंच्या मध्ये असतात न बोलता पाळलेले नियम. माझ्या मते खरी गंमत या नियमांतच आहे. ‘मी ढ’ ही धारणा. ‘म्हणून गणिताच्या वाटेला जायचं नाही’ हा नियम. नियम पाळला की फजिती टळते आणि हायसं वाटतं. पण त्याबरोबर धारणेची परीक्षाही टळते. आत्याने पंचावन्न वर्षांत शाळेतलं एकही गणित सोडवून पाहिलेलं नाही. चुकली असती तरी निदान काही कळलं असतं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे दोष माणसाचाच. तसं नाही. साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. या मुलाला वर्गात वेगळं, घरून आणलेल्या तरटावर बसावं लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडेपर्यंत थांबायचं, शिपाई नसेल तर तहानलेलंच राहायचं. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. ‘तू कमी आहेस’ हे तिथे कुणी तोंडाने सांगायची गरजच नव्हती. तरट आणि नळ सांगत होते.

अशा सांगण्याचं मोजमाप शंभरेक वर्षांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत झालं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी सहावी-सातवीच्या 642 मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. निम्मी मुलं उच्च मानल्या गेलेल्या जातींतली, निम्मी दलित. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दोन्ही गटांनी सारखीच कोडी सोडवली. मग काही गटांत कोडी देण्याआधी प्रत्येक मुलाचं नाव, गाव, बापाचं-आजोबाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. दलित मुलांची कामगिरी साधारण एक पंचमांशाने घसरली. मुलं तीच, कोडी तशीच. आपल्याला इथे न्याय मिळणार नाही ही अपेक्षाही त्यामागे असावी, असं संशोधकांचं म्हणणं आहे. ती अपेक्षा त्या मुलांनी हवेतून आणलेली नव्हती. म्हणून ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ असं सांगत फिरणाऱ्या वक्त्यांचा मला राग येतो. नळाची चावी कुणाकडे आहे हे ते विचारत नाहीत.

आरशासमोर उभं राहून ‘मी हुशार आहे’ असं घोकण्याचाही फारसा भरवसा देता येत नाही. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोॲन वुड यांच्या 2009च्या प्रयोगात, स्वतःबद्दल आधीच वाईट मत असलेल्यांना अशी वाक्यं म्हटल्यावर उलट जास्तच वाईट वाटलं. पुढे दुसऱ्यांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा हा तोटा दिसला नाही. पण ‘मी ढ’ हे आत ठाण मांडून बसलेलं असताना वरून ‘मी हुशार’ म्हटलं, तर आतून “गप बस” ऐकू येणारच.

मग समजूत हलते कशाने? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये ‘हे मला जमेल’ या भावनेचे चार झरे सांगितले: स्वतः करून पाहणं, आपल्यासारख्याला करताना पाहणं, कुणी धीर देणं आणि त्या वेळची शरीराची अवस्था. पहिला सगळ्यांत जोरदार. एक जुना सिद्धांतही आता याच बाजूला झुकला आहे. 1967 मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की टाळता न येणारे विजेचे धक्के बसलेली कुत्री पुढे सुटकेची वाट मोकळी असूनही पडून राहतात. हे प्राणी हतबलता ‘शिकले’, असा अर्थ तेव्हा लावला गेला. मेंदूवरच्या कामानंतर 2016 मध्ये त्याच दोघांनी तो उलटा केला. लांबलेल्या त्रासात गळून पडणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते ‘यावर माझा ताबा आहे’ हे. ताब्याचा अनुभव मिळाला की मेंदूच्या पुढच्या भागातून त्या गळाठ्याला लगाम बसतो. स्वतःचा सिद्धांत जवळजवळ पन्नास वर्षांनी असा उलटवायला हिंमत लागते, हे जाता जाता.

गेल्या दिवाळीत नातीने शक्कल लढवली. वही लपवली आणि म्हणाली, “आज्जी, बाराशेची साडी, शंभराला पंधरा सूट. दुकानदाराला किती द्यायचे?” आत्या करंजीची कड कातत होती. मान वर न करता म्हणाली, “एक हजार वीस. जास्त मागितलं तर माझ्याकडं आण त्याला.” नातीने वही समोर धरली. शेकडेवारी, उदाहरण तिसरं. आत्याने चष्मा लावला, उत्तर पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“हे सोपं होतं म्हणून,” ती म्हणाली. मग हाताचं पीठ पदराला पुसत, “चौथं काय हाय?”