ट्रम्पेट पारखावे ते हळू सुरात

नवे ट्रम्पेट हातात आले की बहुतेक वादक आधी ते जोरात फुंकून बघतात. जोरात वाजवल्यावर बरी घडण असलेले कुठलेही ट्रम्पेट छान वाटते. दोष उघडे पडतात ते अगदी हळू वाजवताना. ज्याला आज ऐंशी जणांच्या वाद्यवृंदात बसायचे आहे आणि उद्या पियानोच्या नाहीतर दोन व्हायोलिनांच्या शेजारी, त्याने पारख तिथूनच सुरू करावी. हळू सूर ओठ लागताच बोलतो का, आणि लागलेला सूर थोडा वरखाली करू देतो का, हे दोन प्रश्न किंमत, चकाकी आणि नाव यांच्या कितीतरी आधी येतात.

ट्रम्पेट म्हणजे एका टोकाला ओठांनी बंद झालेली नळी. बी-फ्लॅट ट्रम्पेटमध्ये तिची लांबी सुमारे १४८ सेंटिमीटर असते, सी ट्रम्पेटमध्ये १३२ (नाव पडते ते नळीच्या मूळ सुरावरून). अशा साध्या सरळ नळीत मूळ कंपनसंख्येच्या १, ३, ५, ७ या विषम पटींनाच अनुनाद मिळतो, म्हणजे त्याच सुरांना नळी साथ देते. ट्रम्पेटचे काम त्यावर भागत नाही. कारागिरी इथे सुरू होते. उघडत जाणारी बेल (नळीचे शेवटचे रुंदावणारे टोक) खालच्या लहरींना तिच्या तोंडाशी पोहोचण्याआधीच मागे फिरवते, त्यामुळे खालचे अनुनाद वर सरकतात. माउथपीसची, म्हणजे ओठ टेकवतात त्या सुट्या भागाची, वाटी आणि तिच्यापुढची चिंचोळी वाट वरच्या अनुनादांना खाली ओढते. या ओढाताणीतून २, ३, ४, ५, ६, ७, ८ अशी जवळपास पूर्णांकी मालिका तयार होते. ती ‘जवळपास’च असते, आणि दोन ट्रम्पेटमधला फरक बराचसा त्यातच असतो. माउथपीसनंतरची पहिली नळी, म्हणजे लीडपाइप, आतून काही दशांश मिलिमीटरने बदलली तरी एखादा सूर चढतो आणि दुसरा उतरतो. सगळे सूर एकदम बिनचूक देणारे ट्रम्पेट अजून कोणी घडवलेले नाही.

त्यात व्हॉल्व्हची, म्हणजे दाबल्यावर जादा नळी जोडणाऱ्या कळींची, भर पडते. दुसरा व्हॉल्व्ह अर्धा स्वर उतरवतो, पहिला पूर्ण स्वर, तिसरा दीड. त्यासाठी मूळ नळीच्या अनुक्रमे ६, १२ आणि १९ टक्के जादा नळी लागते. एकेकटे व्हॉल्व्ह नीट चालतात, पण पहिला आणि तिसरा एकत्र दाबला की गणित तुटते. अडीच स्वर उतरायला ३३.५ टक्के नळी हवी आणि मिळते ३१ टक्के. बी-फ्लॅट ट्रम्पेटमध्ये ही तूट साधारण ३.४ सेंटिमीटरची होते आणि सूर सुमारे ३० सेंट चढा लागतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तिन्ही व्हॉल्व्ह एकत्र दाबले तर सूर ५० सेंटहूनही जास्त चढतो. तिसऱ्या व्हॉल्व्हच्या स्लाइडवरची (आत-बाहेर सरकणाऱ्या नळीवरची) कडी असते ती यासाठीच. निव्वळ हिशेबाने खालच्या डीसाठी स्लाइड १.७ सेंटिमीटर आणि सी-शार्पसाठी ३.२ सेंटिमीटर बाहेर यायला हवी. घडवतानाच तिसरी नळी किंचित लांब ठेवलेली असल्याने प्रत्यक्षात थोडे कमी पुरते. म्हणून वाद्य बघताना डाव्या हाताच्या बोटाने ही स्लाइड चालत्या सुरात झटकन बाहेर ढकलून आत घेता येते का, हे पाहा. ती अडकत असेल तर तो डी प्रत्येक वेळी बेसूर लागेल. पहिल्या स्लाइडवर अंगठ्यासाठी टेकू असेल तर फारच बरे.

आता पाचव्या संनादीकडे, म्हणजे त्या पूर्णांकी मालिकेतल्या पाचव्या सुराकडे वळू, कारण वाद्यवृंद आणि चेंबर संगीत (मोजक्या वादकांचे संगीत) यांतला तिढा तिथे नेमका दिसतो. सी ट्रम्पेटवर व्हॉल्व्ह न दाबता वाजणारा वरचा ई हा पाचवा संनादी. निसर्गतः तो पियानोवरच्या ईपेक्षा १४ सेंट उतरा असतो. ब्रास क्विंटेटमध्ये (पाच पितळी वाद्यांच्या संचात) हाच ई सी मेजर कॉर्डचा तिसरा स्वर म्हणून आला, तर तो उतरेपणा गुणच ठरतो. कॉर्ड ४:५:६ या शुद्ध प्रमाणात जुळते आणि ऐकणाऱ्याला खोली उजळल्यासारखी वाटते. तोच ई पियानोसोबत धरला की कानाला टोचतो. फ्रेंच संगीतकार सेंट-सान्सच्या सेप्टेटमध्ये (सात वाद्यांच्या रचनेत) तर पियानोही आहे आणि तंतुवाद्येही, म्हणजे ट्रम्पेटला दोन्ही घरचे पाहुणे सांभाळायचे असतात.

सी ट्रम्पेटवर वरचे डी, ई-फ्लॅट आणि ई हे तीन सूर विशेष उतरे लागतात. त्यावर वादक ई पहिल्या-दुसऱ्या व्हॉल्व्हने, ई-फ्लॅट दुसऱ्या-तिसऱ्याने आणि डी पहिल्या-तिसऱ्याने घेतात. मग हे सूर पाचव्याऐवजी सहाव्या संनादीवरून येतात, आणि जोडव्हॉल्व्हचा तोच चढेपणा इथे कामी येतो. ट्रम्पेट बघताना हे तीन सूर दोन्ही पद्धतींनी वाजवा. दोन्हींतला फरक फार मोठा असेल, किंवा दुसऱ्या पद्धतीने आवाज दबून येत असेल, तर वाद्य ठेवून द्या.

सूर एका जागी घट्ट धरला गेला की वादक म्हणतात, तो ‘खाचेत बसतो’. खोल खाच असलेले ट्रम्पेट सुरक्षित वाटते, चुकीचा सूर निघत नाही, आणि म्हणून ते पटकन आवडते. पण ती खाच पियानोच्या पट्टीवर बसवलेली असेल तर क्विंटेटमध्ये सूर खाली आणायला ओठांना झुंजावे लागते. माझी कसोटी साधी आहे. मधला जी मध्यम जोरात धरावा आणि ट्यूनरकडे (सुराची उंची दाखवणाऱ्या यंत्राकडे) बघत फक्त ओठांनी तो २० सेंट खाली आणावा. आवाजाचा रंग न बदलता तो आला पाहिजे आणि सोडल्यावर आपोआप परत गेला पाहिजे. खाली येताना सूर विरत असेल तर खाच फार आवळलेली आहे. परत जातच नसेल तर ती फार ढिली आहे, आणि तीन तासांच्या तालमीत असे वाद्य ओठ थकवते.

बी-फ्लॅट घ्यावे की सी? अमेरिकेतल्या वाद्यवृंदांत सी रुळले आहे, ब्रिटनमध्ये बी-फ्लॅटची परंपरा आहे, तर जर्मनी-ऑस्ट्रियात पिस्टनऐवजी (वर-खाली होणाऱ्या व्हॉल्व्हऐवजी) फिरत्या व्हॉल्व्हची, रुंद बेलची ट्रम्पेट वाजतात. सी ट्रम्पेटचा फायदा उंच सुरांत आहे. मधल्या सीच्या दोन सप्तके वरचा सी त्यावर आठवा संनादी असतो, बी-फ्लॅटवर तोच सूर सहसा पहिला व्हॉल्व्ह दाबून दहाव्यावरून काढतात. वर जाल तशा खाचा दाटीने येतात, म्हणून आठव्यावर पकड जास्त पक्की असते. बी-फ्लॅटचा आवाज मात्र भरीव, आणि त्याचे सूर सहसा जास्त जुळलेले. घरात एकच ट्रम्पेट असणार असेल तर ते बी-फ्लॅट असावे असे माझे स्पष्ट मत आहे. बी-फ्लॅट आधीच असेल आणि काम मुख्यतः वाद्यवृंदातले असेल, तर पुढचे सी. बाखच्या दुसऱ्या ब्रांडेनबुर्ग कन्चेर्तोसाठी यातले कुठलेच चालणार नाही, तिथे लहान, उंच सुरांचे पिकोलो ट्रम्पेटच लागते.

बोअरबद्दल, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाबद्दल, गरजेपेक्षा जास्त चर्चा होते. बी-फ्लॅटमध्ये ११.६६ मिलिमीटर हे सर्वमान्य मध्यम-मोठे माप आहे, वाद्यवृंदी सी ट्रम्पेट बऱ्याचदा ११.७३ चे असते. तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जोरात फुंकल्यावर नळीतल्या लहरीचा दाबाचा माथा तिच्या पायथ्यापेक्षा वेगाने धावतो, लहर पुढून उभी होते आणि आवाजाला पितळी धार येते. नळी अरुंद असेल तर ही धार लवकर येते. वाद्यवृंदात ती हवीशी असते, व्हायोलिनच्या शेजारी मध्यम जोरातच आली तर नकोशी. धातूचा आणि मुलाम्याचा परिणाम आतल्या आकाराच्या तुलनेत लहान असतो, तेव्हा चांदी की लाखरोगण हे शेवटी ठरवले तरी चालते.

चाचणी गार वाद्यावर करू नये. आतली हवा एक अंश तापली की सूर साधारण ३ सेंट चढतो, म्हणून आधी पाच-दहा मिनिटे वाजवा. मग मुख्य स्लाइड एखादा सेंटिमीटर बाहेर असताना ए ४४० (सेकंदाला ४४० कंपनांचा ए) जुळतो का ते बघा. एक सेंटिमीटर बाहेर म्हणजे दोन सेंटिमीटर नळी, बी-फ्लॅटवर सुमारे २३ सेंट. वाद्यवृंद ४४२ वर जुळत असेल तर स्लाइड साडेतीन मिलिमीटर आत ढकलावी लागते. ४४० साठीच ती पूर्ण आत जात असेल तर पुढे वाव उरत नाही. धातूचा स्ट्रेट म्यूट (बेलमध्ये बसवायचे आवाज बदलणारे बूच) लावूनही वाजवा, त्याने सूर बहुधा चढतो. किती चढतो, ते वाद्यागणिक वेगळे.

माउथपीस स्वतःचाच न्यावा. तो बदलला की ट्रम्पेटची नव्हे, माउथपीसची परीक्षा होते. त्याचे टोक आत गेल्यावर लीडपाइपच्या सुरुवातीपर्यंत साधारण ३ मिलिमीटर फट राहते. ती फार वाढली किंवा घटली तर वरचे सूर डळमळतात. म्हणून एकाच माउथपीसवर एक ट्रम्पेट मोकळे आणि दुसरे कोंदट वाटले, तर निकाल देण्याआधी फट तपासा.

जुने वाद्य घेत असाल तर व्हॉल्व्हची झीज घरच्या घरी कळते. व्हॉल्व्ह वर असताना त्याची स्लाइड दोन-तीन सेंटिमीटर ओढा, दहा सेकंद थांबा, मग व्हॉल्व्ह दाबा. ‘फट्’ असा आवाज आला तर पिस्टन हवा धरून आहे. काहीच आवाज आला नाही तर हवा गळते आहे, आणि गळक्या पिस्टनवर हळू सूर कधीच स्वच्छ लागत नाही. लीडपाइपवर गुलाबी-लालसर ठिपके दिसले तर पितळातले जस्त निघून गेलेले आहे आणि नळी आतून पोखरली जात आहे.

शेवटची फेरी दुसऱ्या कानांनी घ्यावी. वाजवणाऱ्याला बेलच्या मागून जे ऐकू येते ते पंधरा मीटरवर बसलेल्याला येत नाही. ऐकणाऱ्याने पाठ फिरवून बसावे, कोणते वाद्य वाजते आहे ते त्याला सांगू नये. प्रत्येक ट्रम्पेटवर तेच चार तुकडे वाजवा: खालच्या सीवर अगदी हळू सुरुवात, सलग सप्तकाच्या उड्या, एक लांब सूर शून्यातून पूर्ण जोरापर्यंत आणि परत, आणि सावकाश गाण्यासारखी एखादी ओळ. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून हे सगळे पुन्हा करा. थकलेले ओठ पहिल्या दिवशी शेवटच्या वाद्यावर अन्याय करतात.