अस्थिमज्जेच्या पेशी आणि प्रयोगशाळेत घडवलेला हृदयस्नायू

'स्टेम सेलने हृदय दुरुस्त होतं' असं कुणी सांगितलं, की आधी विचारावं: कुठल्या पेशी? या एकाच नावाखाली दोन वेगळे उपचार सांगितले जातात. एकात रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी काढून हृदयात सोडतात. दुसऱ्यात मूळपेशींपासून (म्हणजे स्टेम सेलपासून, ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात) प्रयोगशाळेत हृदयस्नायूच्या पेशी घडवून त्या बसवतात. घरातल्या माणसाचं हृदय कमकुवत झालं असताना आशेने वाचणाऱ्यांना हा फरक कळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

अडचण दोन्हीकडे तीच. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात हृदयस्नायूच्या सुमारे १०० कोटी पेशी मरू शकतात. त्यांच्या जागी व्रण तयार होतो. तो भिंत धरून ठेवतो, पण आकुंचन पावत नाही. हृदय स्वतः नव्या पेशी करतं, पण फारच हळू. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ पेशींच्या डीएनएमध्ये किती उतरला, यावरून २००९ मध्ये हिशेब मांडला गेला: पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी बदलतात, पंच्याहत्तरीत अर्धा टक्काही नाही.

अस्थिमज्जेची कथा २००१ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या पेशी उंदराच्या जखमी हृदयात स्नायू बनतात, असा दावा झाला आणि लगेच माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. २००४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी पेशींवर खूण करून त्यांचा माग काढला. त्या रक्तपेशीच राहिल्या, स्नायू झाल्या नाहीत. पुढे २०१८ मध्ये मूळ प्रयोगातल्या एका प्रमुख संशोधकाच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, असं खुद्द हार्वर्डने सांगितलं.

मग काही प्रयोगांत थोडी सुधारणा कशी दिसली? सोडलेल्या बहुतेक पेशी काही दिवसांत नाहीशा होतात. जाण्याआधी त्या रासायनिक संदेश सोडतात, शरीराची संरक्षक यंत्रणा जागी करतात. उंदरांमध्ये तर मेलेल्या पेशी टोचूनही व्रणाची प्रत सुधारली. म्हणजे इथे पेशी फार तर औषधासारखं काम करते, वीट बनून भिंतीत बसत नाही. युरोपातल्या ३७५ रुग्णांच्या बामी चाचणीतही मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालं नाही.

दुसऱ्या वाटेवर पेशी खरोखरच स्नायू असते. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी मागे नेऊन मूळपेशीसारख्या केल्या. तशा पेशींपासून घडवलेला हृदयस्नायू बशीत आपोआप धडधडतो. पाहताना अंगावर काटा येतो. २०१४ मध्ये माकडांच्या हृदयात भ्रूणाच्या मूळपेशींपासून केलेल्या अशा १०० कोटी पेशी टोचल्या. त्या रुजल्या, आजूबाजूच्या स्नायूशी विजेच्या जोडाने जुळल्या, एका तालात आकुंचन पावल्या. पण काही आठवडे माकडांच्या हृदयाचा ताल धोकादायक रीतीने बिघडत राहिला. या पेशी गर्भातल्यासारख्या कोवळ्या असतात. हुकमाची वाट न पाहता स्वतःच ठोका देतात. (त्याआधी मांडीच्या स्नायूतल्या पेशी वापरून पाहिल्या होत्या. त्या हृदयाशी जुळल्याच नाहीत आणि तिथेही ताल बिघडण्याची भीती राहिली.)

म्हणून आता सुट्या पेशींऐवजी त्यांचा पातळ पडदा किंवा ठिगळ हृदयावर बाहेरून लावण्याचे प्रयोग होत आहेत. जानेवारी २०२० मध्ये ओसाका विद्यापीठातल्या डॉक्टरांनी असा पडदा एका रुग्णाला बसवला. मात्र तोही मुख्यतः पाझरणाऱ्या द्रव्यांतूनच मदत करतो, असं मानलं जातं. जर्मनीत गोटिंगेनचा गट जाड, स्वतः आकुंचन पावणारं ठिगळ तपासतो आहे.

रोजच्या जगण्यात फरक पडतो तो औषधांत. स्वतःची अस्थिमज्जा शरीर नाकारत नाही. घडवलेला स्नायू सहसा दात्याच्या पेशींचा असतो, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. रुग्णाच्याच पेशींपासून तो बनवता येतो, पण त्याला कित्येक महिने लागतात, आणि झटक्यानंतर व्रण तर काही आठवड्यांतच घट्ट होतो.