अदिती राव हैदरी

अदिती राव हैदरी या हिंदी, तमिळ, तेलुगू आणि मलयाळम् चित्रपटांत काम करणाऱ्या अभिनेत्री असून मुळात त्या भरतनाट्यम् नर्तकी आहेत. त्यांचा जन्म हैदराबादचा. वडील एहसान हैदरी हे सुलेमानी बोहरा मुसलमान घराण्यातले, तर आई विद्या राव या वनपर्तीच्या हिंदू संस्थानिक घराण्यातल्या. आई आणि वडील या दोघांचीही आडनावे त्या लावतात.

यांतले हैदरी हे नाव मराठवाड्याच्या इतिहासात ठळकपणे येते. अदिती यांचे पणजोबा सर अकबर हैदरी (१८६९–१९४२) हे मुंबईत जन्मले, १९०५ च्या सुमारास निजामाच्या चाकरीत आले आणि १९३७ ते १९४१ या काळात हैदराबाद संस्थानाचे मुख्य प्रधान होते. उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाच्या १९१८ च्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. संस्थानाने १९१४ मध्ये गुलाम यझदानी यांच्या हाताखाली पुराणवस्तू खाते सुरू केले, त्यालाही हैदरींचे पाठबळ लाभले. याच खात्याने १९२० नंतर इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावून अजिंठ्याची पोपडे धरलेली भित्तिचित्रे भिंतीला पुन्हा पक्की बसवून घेतली. त्यांनी दिलेला लाखेचा थर पुढे काळवंडला आणि तो काढण्याचे कष्ट नंतरच्या पिढ्यांना घ्यावे लागले, हे खरे. पण तेव्हा ते काम झाले नसते तर आज दिसतात त्यांतली काही चित्रे गळून गेली असती.

मात्र याच गृहस्थांच्या प्रधानकीत, १९३८ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी सत्याग्रह करून तुरुंगात गेले आणि ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांना बाहेरचा रस्ता धरावा लागला. हैदराबाद मुक्तिसंग्रामाची आठवण घराघरांत जपणाऱ्या या भागात हैदरी हे नाव त्यामुळे दोन्ही अंगांनी स्मरणात राहते. पणजोबांच्या कारभाराचे श्रेय किंवा दोष पणतीच्या पदरात टाकण्याचे कारण नाही. तरीही चित्रपटविषयक लेखांत केवळ ‘राजघराण्यातली अभिनेत्री’ एवढाच उल्लेख येतो, तेव्हा मराठवाड्याशी असलेला हा संबंध त्यात हरवतो.

आजोळचा वारसाही एकपदरी नाही. आजोबा जे. रामेश्वर राव हे वनपर्तीचे राजे होते. संस्थाने विलीन झाल्यावर त्यांनी परराष्ट्र सेवेत काम केले, लोकसभेत महबूबनगरचे प्रतिनिधित्व केले आणि प्रकाशन व्यवसायात नाव मिळवले. हैदराबादची विद्यारण्य शाळा स्थापन करणाऱ्या लेखिका शांता रामेश्वर राव या त्यांच्या पत्नी कोकणी बोलणाऱ्या चित्रापूर सारस्वत समाजातल्या. वनपर्ती आज तेलंगणात आहे, पण सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या कारभारात ते आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे एकाच नकाशात होते.

अभिनेत्री म्हणून अदिती यांना घडवले ते मात्र वंशावळीपेक्षा शिक्षणाने. आई विद्या राव या ठुमरीगायिका नैनादेवींच्या शिष्या आणि ठुमरी-दादऱ्याच्या जाणकार गायिका. एकच ओळ दहा तऱ्हांनी म्हणून तिच्यातला रुसवा, आर्जव, थट्टा वेगवेगळी दाखवायची, ही ठुमरीची रीत त्यांच्या घरातच होती. पुढे ऋषी व्हॅलीच्या निवासी शाळेत आणि दिल्लीच्या लेडी श्रीराम महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले, तर लीला सॅमसन यांच्याकडे त्या भरतनाट्यम् शिकल्या.

२००६ च्या ‘प्रजापती’ या मलयाळम् चित्रपटातून त्या पडद्यावर आल्या. शारदा रामनाथन यांच्या ‘शृंगारम्’ या तमिळ चित्रपटात त्यांनी देवदासीची भूमिका केली आणि या चित्रपटाला छायाचित्रण, संगीत व नृत्यदिग्दर्शन यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. खंडोबाला मुरळी सोडण्याची चाल ज्यांनी माळेगावच्या किंवा अणदूरच्या परिसरात ऐकली-पाहिली आहे, त्यांना या कथेतली घुसमट समजावून सांगावी लागत नाही. हिंदीत ‘दिल्ली-६’ (२००९) मधील बिनलग्नाची आत्या आणि सुधीर मिश्रा यांचा ‘ये साली जिंदगी’ (२०११) यांनी त्यांची ओळख झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांच्या वाट्याला बऱ्याचदा दुय्यम भूमिका आल्या.

मणिरत्नम् यांच्या ‘काट्रु वेळियिडै’ (२०१७) या तमिळ चित्रपटाने त्यांना पुन्हा दक्षिणेत नेले आणि हाच त्यांच्या कारकिर्दीतला खरा वळणबिंदू मानावा लागेल. पाठोपाठ तेलुगू ‘सम्मोहनम्’ (२०१८) आला. त्याच वर्षीच्या ‘पद्मावत’मध्ये अलाउद्दीन खिलजीची बेगम मेहरुन्निसा त्यांनी साकारली. अलाउद्दीनने १२९६ मध्ये देवगिरीवर केलेली स्वारी या चित्रपटात ओझरती येते. मराठवाड्यात ती यादवांच्या वैभवाला लागलेली पहिली ओहोटी म्हणून सांगितली जाते. नवऱ्याच्या क्रौर्यामुळे आतून कोसळत गेलेली आणि अखेर पद्मावती आणि रतनसिंह यांना निसटायला मदत करून कैद पत्करणारी ही बेगम अदिती यांनी फार थोड्या संवादांत उभी केली आहे.

‘सुफियुम सुजातयुम’ (२०२०) या मलयाळम् चित्रपटात तर त्यांच्या वाट्याला संवादच नाहीत. त्यातली सुजाता ही हिंदू घरातली मूक नर्तकी एका सूफी तरुणाच्या प्रेमात पडते. शब्द नसल्याने राग, हट्ट आणि लाज हे सारे बोटांच्या टोकांत आणि भुवईच्या हालचालीत आणावे लागते, आणि तिथे भरतनाट्यम् मधला अभिनय नेमका कामी येतो; मात्र तो रंगमंचावरच्यासारखा मोठा न करता कॅमेऱ्याला पुरेल इतकाच ठेवण्याचा संयम त्या पाळतात.

‘हीरामंडी’ (२०२४) या संजय लीला भन्साळी यांच्या मालिकेतील बिब्बोजान ही त्यांची सर्वाधिक गाजलेली भूमिका होय. लाहोरची ही तवायफ क्रांतिकारकांना चोरून मदत करते आणि शेवटी इंग्रजांच्या गोळ्यांना सामोरी जाते. ‘सैंया हटो जाओ’ या ठुमरीत प्रेक्षकाकडे पाठ करून संथ पावले टाकत, कंबरेची लय जराही न तोडता ती दूर जाते आणि मान तेवढी वळवते. ही गजगामिनी चाल इतकी लोकप्रिय झाली की मालिकेची ओळखच ती बनली. पण ठुमरीच्या घरात वाढलेल्या अभिनेत्रीने तवायफेच्या कलेला दिलेला मान या चालीत जितका आहे तितकाच मैफिलीतल्या तिच्या बसण्यात, ओळ संपल्यावर क्षणभर थांबण्यात आहे, आणि त्याकडे लक्ष जायला हवे.

सप्टेंबर २०२४ मध्ये वनपर्ती परिसरातील मंदिरात अभिनेते सिद्धार्थ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोघांनी त्याआधी ‘महासमुद्रम्’ (२०२१) या तेलुगू चित्रपटात एकत्र काम केले होते. किशोर पांडुरंग बेळेकर या मराठी दिग्दर्शकाच्या ‘गांधी टॉक्स’ या मूकपटात विजय सेतुपती, अरविंद स्वामी व सिद्धार्थ जाधव यांच्यासह अदिती यांची भूमिका आहे. ए. आर. रेहमान यांचे संगीत असलेला हा चित्रपट २०२३ मध्ये गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवण्यात आला.